‘व्हॅल्यू’ला मराठीत काय म्हणावे : नेमका शब्द निवडण्याची एक रीत

पुण्यात इंग्रजी मजकूर मराठीत आणण्याचे काम रोज कोठे ना कोठे चालू असते. सहकारी बँकांचे वार्षिक अहवाल, गृहनिर्माण सोसायट्यांच्या सूचना, कंपन्यांची माहितीपत्रके, रुग्णालयांचे फलक, महाविद्यालयांची परिपत्रके अशा सगळ्या मजकुरात ‘व्हॅल्यू’ हा शब्द हमखास येतो आणि तो आला की भाषांतर करणारा फारसा विचार न करता ‘मूल्य’ लिहून मोकळा होतो. मग ‘आमच्या मूल्यवान ग्राहकांनो’, ‘तुमच्या अभिप्रायाला आम्ही मूल्य देतो’, ‘रक्तातील साखरेचे मूल्य’ अशी वाक्ये छापून येतात. व्याकरणाच्या दृष्टीने त्यांत बोट ठेवण्यासारखे काही नसते, पण असे मराठी कोणी बोलत नाही, आणि वाचणाऱ्यालाही आपण भाषांतर वाचत आहोत हे दुसऱ्या ओळीतच कळते.

इंग्रजीने या एका शब्दावर फार मोठा भार टाकला आहे. वस्तूचे पैशांतले मोल, गणितातील अक्षराच्या जागी येणारी संख्या, माणसाच्या मनातील आदर, समाजाने उराशी बाळगलेली तत्त्वे आणि चित्रातील रंगाचा उजळपणा हे सगळे तेथे ‘व्हॅल्यू’च असते. मराठीने हे काम किंमत, भाव, दर, मोल, मूल्य, कदर, चाड, संस्कार अशा अनेक शब्दांत वाटून दिले आहे. त्यामुळे ‘व्हॅल्यूला मराठी प्रतिशब्द कोणता’ हा प्रश्नच निरुपयोगी ठरतो. त्या विशिष्ट वाक्यात काय मोजले जात आहे, कोण मोजत आहे आणि कशात मोजत आहे, हे आधी पाहावे आणि मगच शब्द उचलावा. पुढे सांगितलेली रीत याच तीन गोष्टींवर उभी आहे.

पैशांत मोजता येते का, हे आधी पाहावे

वाक्यातील ‘व्हॅल्यू’पुढे रुपयांचा आकडा लिहिता येत असेल, तर अर्धे काम झाले असे समजावे. तरीही येथे किंमत, भाव, दर, मोल आणि मोबदला असे पाच शब्द उभे असतात आणि त्यांची अदलाबदल चालत नाही.

एखादी सोन्याची पाटली घ्यावी, म्हणजे यातले बहुतेक शब्द एकाच वस्तूवर पाहता येतात. लक्ष्मी रस्त्यावरील सराफी पेढीत गेल्यावर गिऱ्हाईक प्रथम विचारते, ‘आजचा भाव काय?’ हा भाव सोन्याचा असतो, पाटलीचा नव्हे. तो बाजारात रोज वरखाली होतो आणि एका ठरावीक वजनासाठी सांगितला जातो. त्या भावाने पाटलीच्या वजनाचे पैसे काढून त्यात घडणावळ आणि जीएसटी मिळवला की जी रक्कम होते, ती त्या पाटलीची किंमत. काही वर्षांनी हीच पाटली मोडीत घातली, तर घडणावळ हाती येत नाही आणि घट धरून मोडीचा भाव मिळतो. बँकेत ती तारण ठेवायची झाली, तर बँकेने नेमलेला सराफ तिचा कस पाहून आणि वजन करून तिचे मूल्यांकन करतो. खडे आणि मजुरी तो हिशेबात धरत नाही. आणि ती पाटली आजीने नातसुनेच्या हातात घातलेली असेल, तर तिचे मोल वेगळेच असते, ते कोणत्याही पावतीवर लिहिता येत नाही. इंग्रजीत या बहुतेक जागी ‘व्हॅल्यू’ लिहून भागते. मराठीत पाटली तारण ठेवताना ‘मोल’ म्हटले किंवा आजीच्या आठवणीची ‘किंमत’ काढली, तर ऐकणारा चमकून पाहील.

भाव आणि दर यांतला फरक थोडा नाजूक आहे. भाव बाजारात ठरतो, मिळतो, चढतो, पडतो, कोसळतो. दर कोणीतरी ठरवून देतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांद्याला भाव मिळतो, पण वीजदर वीज नियामक आयोग ठरवतो आणि व्याजदर बँक ठरवते. वर्तमानपत्रे ‘घाऊक दर, प्रति दहा किलो’ असे छापतात तेव्हा ही रेषा पुसट होते हे खरे आहे, तथापि क्रियापदे बदलत नाहीत: भाव पाडता येतो, दर आकारता येतो. सरकार जेव्हा शेतमालाची किमान रक्कम जाहीर करते, तेव्हा कागदावर ती ‘किमान आधारभूत किंमत’ असते आणि शेतकऱ्याच्या तोंडी तिला ‘हमीभाव’ म्हणतात. उसाच्या बाबतीत हाच प्रकार आहे. शिवाजीनगरच्या साखर संकुलातील, म्हणजे साखर आयुक्तालयातील पत्रव्यवहारात ‘रास्त आणि किफायतशीर दर’ असे लिहिले जाते, तर बांधावर सर्रास ‘एफआरपी’ म्हणतात. मजकूर कोणासाठी आहे ते पाहून या दोन्हींपैकी एक घ्यावा. दोन्ही एका वाक्यात कोंबू नयेत.

वेष्टनावरील छापील रकमेला ‘कमाल किरकोळ किंमत’ हा शब्द पक्का आहे. पुस्तकांवर मात्र ‘मूल्य : २५० रुपये’ असे लिहिण्याची रीत मराठी प्रकाशकांत जुनी आहे, आणि कार्यक्रमांच्या प्रवेशिकांवर ‘देणगीमूल्य’ किंवा ‘स्वागतमूल्य’ असते. ज्ञान किंवा कला विकतो आहोत असे म्हणायला जरा संकोच वाटतो, तो संकोच या शब्दांनी झाकला जातो, असे मला वाटते. त्याच न्यायाने कोणी भाजीच्या दुकानात ‘टोमॅटोचे मूल्य’ लिहिले, तर तुळशीबागेतला विक्रेतासुद्धा हसेल.

मिळकतीच्या कागदपत्रांत जपून चालावे

घर, जमीन आणि कर यांच्या कागदपत्रांत ‘व्हॅल्यू’चे प्रकार सर्वांत जास्त आहेत आणि चुकीच्या शब्दाने तेथे खरोखर नुकसान होऊ शकते. सदनिकेच्या खरेदीखतानंतर हाती येणारी सूची क्रमांक दोन, जिला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात, ती समोर ठेवावी. तिच्यात पहिल्या रकान्यात विलेखाचा, म्हणजे दस्ताचा, प्रकार असतो, दुसऱ्यात ‘मोबदला’ आणि तिसऱ्यात ‘बाजारभाव’. खरेदीदाराने विकणाऱ्याला दिलेली रक्कम म्हणजे मोबदला. शासनाच्या तक्त्यांप्रमाणे त्या मिळकतीची निघणारी रक्कम म्हणजे बाजारभाव; कायद्याच्या मजकुरात तिलाच ‘बाजारमूल्य’ म्हणतात. मुद्रांक शुल्क या दोहोंपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्यावर आकारले जाते. इंग्रजी मजकुरात पहिल्या रकमेसाठी ‘कन्सिडरेशन’ आणि दुसरीसाठी ‘मार्केट व्हॅल्यू’ असते. दोन्हींचे भाषांतर ‘किंमत’ करून टाकले, तर शुल्क कशावर भरायचे हेच वाचणाऱ्याला समजणार नाही.

लोक ज्याला ‘रेडी रेकनर’ म्हणतात, त्या दरांच्या कोष्टकाचे शासकीय नाव ‘वार्षिक मूल्यदर तक्ते’ असे आहे. हे काम पाहणारे नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक यांचे मुख्य कार्यालय पुण्यातच आहे. सामान्य वाचकासाठी लिहिताना ‘रेडी रेकनरचा दर’ असेच लिहावे, कारण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेरच्या टेबलावर बसलेला माणूसही तेच म्हणतो. मात्र अर्ज, अपील किंवा करारनामा यांत शासकीय नावच वापरावे.

मिळकत कराच्या बिलात आणखी एक शब्द भेटतो. पुणे महानगरपालिका कराची आकारणी वार्षिक करपात्र मूल्यावर करते, म्हणजे ती मिळकत भाड्याने दिली असती तर वर्षाला वाजवी भाडे किती आले असते, या हिशेबावर. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आकारतात, म्हणजे मिळकतीच्या स्वतःच्या किमतीवर. दोन्ही ठिकाणी ‘मूल्य’ हा शब्द आहे, पण त्यामागची रक्कम निराळी आहे, म्हणून ‘करपात्र’ आणि ‘भांडवली’ ही विशेषणे कधीही गाळू नयेत. ‘असेसमेंट’साठी येथे ‘आकारणी’ हा शब्द आहे. ‘मूल्यमापन’ लिहिल्यास ते घराच्या परीक्षेचे गुण दिल्यासारखे वाचले जाते.

हिशेब, समभाग आणि रुपया

शेअरच्या व्यवहारात शब्द बऱ्यापैकी स्थिर झाले आहेत, आणि त्याचे श्रेय बरेचसे शालेय पाठ्यपुस्तकांना द्यावे लागेल. दहावीच्या बीजगणितात ‘दर्शनी किंमत’ आणि ‘बाजारभाव’ हे शब्द आहेत. दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर बाजारात १२० रुपयांना मिळत असेल तर तो अधिमूल्यावर आहे, दहालाच मिळत असेल तर सममूल्यावर, आणि आठला मिळत असेल तर अवमूल्यावर. ज्यांनी मराठी माध्यमातून दहावी केली आहे त्यांना हे शब्द ओळखीचे आहेत, तेव्हा नवे घडवत बसू नये.

‘बुक व्हॅल्यू’ला ‘पुस्तकी मूल्य’ म्हणतात आणि यंत्र किंवा वाहन जुने झाल्याने दर वर्षी हिशेबात कमी करायच्या रकमेला ‘घसारा’. सहकारी बँकांच्या अहवालांत ‘नेट वर्थ’साठी ‘नक्त मूल्य’ आढळते. व्यक्तीच्या बाबतीत मात्र ‘सगळी देणी वजा जाता उरणारी मालमत्ता’ असे उलगडून सांगणे बरे. विम्याची पॉलिसी मुदतीपूर्वी मोडल्यास मिळणाऱ्या रकमेला एजंट आणि ग्राहक दोघेही ‘सरेंडर व्हॅल्यू’ म्हणतात, आणि ते तसेच ठेवून एकदा अर्थ सांगितला की पुरते.

रुपयाबद्दल लिहिताना एक गल्लत नेहमी होते. सरकारने स्वतः निर्णय घेऊन चलनाचा विनिमय दर खाली आणला तर ते अवमूल्यन. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये करण्यात आला, ते अवमूल्यन होते. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत जे केले गेले तेही अवमूल्यन होते. आज बाजारात मागणी-पुरवठ्याने रुपया खाली येतो तेव्हा ती घसरण असते. बातम्यांचे मथळे दोन्हींना अवमूल्यन म्हणतात, पण अर्थविषयक लेखात तरी हा भेद पाळावा. ‘घसारा’ हा तिसरा शब्द यंत्रापुरता राखून ठेवावा. ‘रुपयाचा घसारा’ असे लिहिलेले पाहून कोणत्याही लेखापालाला कसेसेच होईल.

अर्थशास्त्राच्या विचारात पाऊल ठेवले की ‘किंमत’ मागे पडते आणि ‘मूल्य’ पुढे येते. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांत फरक केला: पाण्यावाचून जगता येत नाही, तरी त्याच्या बदल्यात फारसे काही मिळत नाही, आणि हिऱ्याचा उपयोग थोडका असूनही त्याच्या बदल्यात पुष्कळ काही मिळते. मार्क्सच्या संदर्भात, कामगाराच्या श्रमातून त्याच्या मजुरीपलीकडे निर्माण होणाऱ्या मूल्यासाठी, ‘वरकड मूल्य’ हा शब्द मराठीत रुळलेला आहे. या ठिकाणी ‘किंमत’ म्हटले तर विचारच कोलमडतो, कारण वस्तूचे मूल्य आणि तिची बाजारातली किंमत एकच नसते, हाच तर तेथला मुद्दा असतो.

‘व्हॅल्यू ॲडेड टॅक्स’ म्हणजे मूल्यवर्धित कर. महाराष्ट्रात तो १ एप्रिल २००५ पासून लागू झाला, १ जुलै २०१७ पासून बहुतेक वस्तूंवर त्याची जागा वस्तू आणि सेवा कराने घेतली, पण पेट्रोल-डिझेलवर तो अजून आहे. याच कुळातला ‘मूल्यवर्धन’ हा शब्द शेतीत चांगला मुरला आहे. पुरंदरचे सीताफळ टोपलीत विकले तर भाव मिळतो. त्याचा गर काढून, गोठवून रबडीवाल्याला दिला तर ते मूल्यवर्धन झाले. ‘किंमतवाढ’ म्हणजे नुसते महाग होणे, तेव्हा हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

गणित आणि विज्ञान : कधी ‘किंमत’, कधी काहीच नाही

मराठी माध्यमाच्या गणितात ‘व्हॅल्यू’ म्हणजे बहुधा किंमत. ४,७२५ या संख्येत ७ ची दर्शनी किंमत ७ आणि स्थानिक किंमत ७००. चलाची किंमत काढतात, बहुपदीची किंमत काढतात, निश्चयकाची किंमत काढतात. येथे पैशांचा संबंध नसतो, तरी पिढ्यान्‌पिढ्या मुले ‘किंमत काढा’ हेच वाचत आली आहेत आणि सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीच्या पुस्तकांत तेच आहे. अपवाद थोडे आहेत: संख्येचे केवलमूल्य आणि तर्कशास्त्रातील विधानाचे सत्यतामूल्य. संगणकाच्या मराठी साहित्यात काहीजण ‘मूल्य’ लिहितात, काहीजण ‘किंमत’; शाळेतल्या गणिताशी धागा जुळावा म्हणून मी ‘किंमत’ पसंत करतो.

प्रयोगशाळेतील आणि दवाखान्यातील ‘व्हॅल्यू’साठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे शब्दच गाळणे. डॉक्टर विचारतात, ‘साखर किती आली?’ आणि रुग्ण सांगतो, ‘उपाशीपोटी १२६ आली.’ या संवादात ‘मूल्य’ कोठेही नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. ‘हिमोग्लोबिनचे मूल्य ११ आहे’ याऐवजी ‘हिमोग्लोबिन ११ आहे’, ‘तापमानाचे मूल्य’ याऐवजी ‘तापमान’. माती परीक्षणाच्या अहवालातील ‘पीएच व्हॅल्यू’साठी तर मराठीत ‘सामू’ हा सुटसुटीत शब्द आहे; ‘सामू मूल्य’ म्हणणे अनावश्यक आहे. मात्र ‘पोषणमूल्य’ हा शब्द गाळता येत नाही, कारण तेथे अन्नाचा कस सांगायचा असतो. चित्रकलेत ज्याला ‘व्हॅल्यू’ म्हणतात त्यासाठी रंगाचा उजळपणा किंवा गडदपणा असे सरळ सांगावे. पाश्चात्त्य संगीतातील ‘नोट व्हॅल्यू’ म्हणजे स्वर किती काळ धरायचा ते, आणि मात्रांच्या हिशेबाने ते कोणालाही समजते.

मूल्यांकन, मूल्यमापन, मूल्यनिर्धारण

‘व्हॅल्युएशन’ आणि ‘इव्हॅल्युएशन’ या जोडीने बराच गोंधळ घातला आहे. शब्दांची घडण पाहिली तर मार्ग दिसतो. मूल्यांकनात ‘अंकन’ आहे, म्हणजे शेवटी एक आकडा किंवा श्रेणी लिहायची असते. मूल्यमापनात मापन चालू राहते, म्हणजे प्रगती, परिणाम, उणिवा यांचा विचार असतो. म्हणून दागिन्याचे, मिळकतीचे आणि उत्तरपत्रिकेचे मूल्यांकन; विद्यार्थ्याचे आणि योजनेचे मूल्यमापन. शाळांतील ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ आणि महाविद्यालयांचे ‘नॅक मूल्यांकन’ ही दोन्ही नावे या भेदाला धरून आहेत. निकालानंतर पेपर पुन्हा तपासून घेणे म्हणजे पुनर्मूल्यांकन, आणि फक्त गुणांची बेरीज पुन्हा पाहणे म्हणजे गुणपडताळणी. विद्यापीठात अर्ज करताना या दोहोंत गफलत केली तर शुल्कही वेगळे लागते आणि मिळणारे उत्तरही. नव्या वस्तूची किंमत ठरवण्याच्या क्रियेला ‘मूल्यनिर्धारण’ म्हणावे, किंवा साध्या मजकुरात ‘किंमत ठरवणे’. वर्तमानपत्रे हा सगळा भेद काटेकोरपणे पाळत नाहीत, आणि प्रत्येक ठिकाणी त्यासाठी भांडण्यात अर्थ नाही.

अनेकवचनी ‘व्हॅल्यूज’

शब्द अनेकवचनी असून त्यापुढे आकडे नसतील, तर बोलणे तत्त्वांविषयी आहे हे ओळखावे. येथे ‘मूल्ये’ हा शब्द अगदी योग्य ठिकाणी असतो: संविधानाच्या उद्देशिकेतील स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही मूल्ये, शाळेतील मूल्यशिक्षण, तत्त्वज्ञानातील मूल्यविचार. २०२५ च्या जुलैमध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ जागतिक वारसा यादीत गेली आणि त्यांत पुणे जिल्ह्यातील शिवनेरी, राजगड आणि लोहगड हे किल्लेही आले. त्या निवडीचा निकष ‘असाधारण वैश्विक मूल्य’ हा असतो. तेथे ‘किंमत’ लिहिणे अशक्यच आहे.

पण घरातल्या गोष्टी बोलताना ‘मूल्ये’ फार पुस्तकी होते. इंग्रजी मजकुरात आईवडिलांनी मुलांना चांगल्या ‘व्हॅल्यूज’ दिल्या असे असेल, तर मराठीत त्यांनी चांगले संस्कार केले किंवा चांगले वळण लावले. ‘फॅमिली व्हॅल्यूज’चे ‘कौटुंबिक मूल्ये’ असे भाषांतर निवडणुकीच्या भाषणात शोभेल, आत्याच्या तोंडी शोभणार नाही. कंपनीच्या भिंतीवर लावायच्या ‘कोअर व्हॅल्यूज’साठी ‘आमची तत्त्वे’ एवढे पुरते. संस्था खरोखर त्यांप्रमाणे चालते की नाही, हा भाषांतरकाराचा प्रश्न नव्हे.

क्रियापद म्हणून आलेला ‘व्हॅल्यू’

येथे मराठी सर्वांत श्रीमंत आहे आणि भाषांतरात येथेच ती सर्वांत दरिद्री दिसते. ‘मूल्य देणे’ हा प्रयोग शक्यतो टाळावा. माणसाच्या गुणांची कदर केली जाते, चांगल्या गाण्याला दाद दिली जाते, दिलेल्या शब्दाची बूज राखली जाते, सत्याची चाड असते, मोठ्यांचा मान ठेवला जातो, वेळेचे महत्त्व ओळखले जाते. कष्ट वाया गेले नाहीत असे सांगायचे असेल तर कष्टांचे चीज झाले. सल्ला मोलाचा असतो, सहकार्य बहुमोल असते, पुस्तक वाचण्याजोगे असते आणि किल्ला पाहण्यासारखा असतो. या शेवटच्या दोन ठिकाणी इंग्रजीत ‘वर्थ’ असते, आणि मराठीत ते एका प्रत्ययात किंवा शब्दयोगी अव्ययात मावते.

उलट बाजूही तितकीच भरलेली आहे. ज्याला कोणी किंमत देत नाही, ज्याची काय मातब्बरी असे म्हटले जाते, जो माल कवडीमोल भावाने जातो, जे पीक मातीमोल होते, या प्रत्येकाचा तिरस्कार वेगळ्या जातीचा आहे. गावातल्या गुणी माणसाला गावातच मान मिळत नाही, यासाठी तर ‘पिकते तेथे विकत नाही’ ही म्हण तयार आहे. मात्र दोन वाक्प्रचारांत सावध राहावे: ‘किंमत मोजावी लागली’ म्हणजे परिणाम भोगावे लागले, आणि ‘भाव खाणे’ म्हणजे मिजास दाखवणे. ‘भाव देणे’ हे शेतकऱ्याच्या संदर्भात एक सांगते आणि कॉलेजच्या कट्ट्यावर दुसरेच.

‘इन्व्हॅल्युएबल’ या शब्दाने पुष्कळांना फसवले आहे. पुढे नकारासारखा दिसणारा उपसर्ग असला तरी अर्थ ‘मोल करता येणार नाही इतके मोठे’ असा आहे, म्हणजे अमूल्य किंवा अनमोल. मराठीतल्या ‘अमूल्य’ची घडणही नेमकी तशीच आहे, त्यामुळे लक्षात ठेवायला अवघड नाही. ‘व्हॅल्युएबल्स’ म्हणजे मौल्यवान वस्तू किंवा घरगुती भाषेत दागदागिने आणि चीजवस्तू. ‘मूल्यवान’ हे रूप संस्कृतच्या दृष्टीने अधिक सरळ आहे, पण मराठीत ‘मौल्यवान’ इतके रूढ झाले आहे की ते दुरुस्त करण्याचा खटाटोप करू नये. ‘न्यूसन्स व्हॅल्यू’साठी पत्रकार वापरतात ते ‘उपद्रवमूल्य’ मूळ शब्दाइतकेच बोचरे आहे. निवडणुकीच्या दिवसांत ते रोज वाचायला मिळते.

एक उतारा उतरवून पाहू

पार्सल पोहोचवणाऱ्या एखाद्या कंपनीचे माहितीपत्रक आहे असे धरू. त्यात पहिले वाक्य ‘वी व्हॅल्यू अवर कस्टमर्स’ असे आहे, दुसऱ्यात ‘ग्रेट व्हॅल्यू फॉर मनी’, तिसऱ्यात ‘अवर व्हॅल्यूज’ म्हणून प्रामाणिकपणा आणि सौजन्य यांचा उल्लेख, चौथ्यात ‘डिक्लेअर्ड व्हॅल्यू’ अर्जात लिहिण्याची सूचना, पाचव्यात ‘व्हॅल्युएबल्स’ स्वीकारणार नाही असा इशारा, आणि शेवटी पार्सल हरवल्यास त्या ‘व्हॅल्यू’पुरतीच भरपाई मिळेल अशी अट.

हे मराठीत असे होईल: ‘ग्राहकांच्या विश्वासाची आम्हाला कदर आहे. वाजवी दरात चोख सेवा मिळेल. सचोटी आणि सौजन्य ही आमची तत्त्वे आहेत. पार्सलमधील वस्तूंची किंमत अर्जात लिहावी. रोकड, दागिने आणि इतर मौल्यवान वस्तू स्वीकारल्या जाणार नाहीत. पार्सल गहाळ झाल्यास अर्जात लिहिलेल्या किमतीपुरतीच भरपाई मिळेल.’

इंग्रजीत सहा वेळा आलेल्या शब्दासाठी येथे ‘मूल्य’ एकदाही लागले नाही. ‘व्हॅल्यू फॉर मनी’साठी जाहिरातीत ‘पैसे वसूल’ चालले असते, पण भरपाईच्या अटी असलेल्या पत्रकाला तो सूर सैल वाटला असता. ‘घोषित मूल्य’ हा शब्द मात्र सीमाशुल्काच्या कागदावर हवा असतो, तेव्हा परदेशी पार्सलांच्या अर्जात तो तसाच ठेवावा. चौथ्या आणि सहाव्या वाक्यांत एकच शब्द ठेवला आहे, तो मुद्दाम. अटींच्या मजकुरात एकाच रकमेला एकदा ‘किंमत’ आणि एकदा ‘मूल्य’ म्हटले, तर त्या दोन रकमा वेगळ्या आहेत असा दावा करायला वाव मिळतो.

लेखनाविषयी थोडे

‘मूल्य’ मधील ‘मू’ दीर्घ आहे. शासकीय छापील नमुन्यांतसुद्धा ‘मुल्य’, ‘मुल्यांकन’ असे आढळते, पण तेथून ते उचलू नये. ‘किंमत’ला विभक्ती किंवा अनेकवचन लागले की अनुस्वार जातो: किंमत, पण किमतीला, किमतीत, किमती. गंमत आणि हिंमत हेही शब्द याच वाटेने जातात. ‘मूल्य’ संस्कृतातून आले, ‘मोल’ त्याच शब्दाचे प्राकृतातून घासून आलेले रूप आहे, ‘किंमत’ अरबीतून फारसीमार्गे आली. जोडशब्द करताना हे कुळ उपयोगी पडते, कारण ‘मूल्य’ला संस्कृत शब्द सहज चिकटतात आणि उपयोगमूल्य, मूल्यवर्धन, अवमूल्यन असे शब्द तयार होतात, तर ‘मोल’ घरगुती शब्दांबरोबर रमते, जसे मोलमजुरी, मोलकरीण, कवडीमोल.

इंग्रजी ‘व्हॅल्यू’ लॅटिनमधील ‘बळकट असणे, योग्य असणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून फ्रेंचमार्गे आला आहे, आणि त्याच कुळातले ‘व्हॅलिड’, ‘इक्विव्हॅलंट’, ‘व्हॅलन्सी’ हे शब्द याच मजकुरांत शेजारी भेटतात. त्यांसाठी मराठीत अनुक्रमे वैध किंवा ग्राह्य, समतुल्य आणि रसायनशास्त्रात संयुजा असे शब्द आहेत. ‘व्हॅलिड’च्या बाबतीत कागदाची मुदत संपलेली नाही एवढेच सांगायचे असेल, तर ‘वैध’पेक्षा ‘३१ मार्चपर्यंत चालेल’ हे अधिक सरळ आहे, आणि पीएमपीएमएलच्या बसपासबद्दल विचारणाऱ्या प्रवाशाला तेवढेच हवे असते.